हेड्रियनच्या भिंतीवरचा कोणता रोमन किल्ला आईबाबांना दाखवू?

माहुलीची लेक:

नमस्कार मंडळी. आम्ही लीड्सला असतो. आईबाबा साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आलेत. बाबा ७१ वर्षांचे, उभा जन्म सह्याद्रीतले गड पायाखाली घालण्यात गेला. गेल्या वर्षी उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि गड सुटले. इथे लंडन झालं, यॉर्क झालं, सगळं मुकाट बघतात, "छान आहे" म्हणतात. परवा टीव्हीवर हेड्रियनची भिंत, म्हणजे रोमनांनी उत्तर इंग्लंडात बांधलेली सरहद्दीची भिंत, दाखवत होते, तर खुर्ची पुढे ओढून बसले. म्हणाले, "एवढ्या उघड्या माळावर पाण्याची सोय काय केली असेल गं यांनी?" किती महिन्यांनी त्यांना असं काही विचारताना ऐकलं.

हातात दोन दिवस आहेत, ऑगस्टचा शेवटचा आठवडा. गाडी आहे. सोबत नऊ वर्षांचा मुलगा. आई इतिहास शिकवायची, तिला दगडांपेक्षा माणसं हवीत. हाउसस्टेड्स, विंडोलांडा, चेस्टर्स, बर्डॉस्वल्ड, नावं वाचून गोंधळ उडालाय. बाबा सपाटीवर तासभर चालतात, चढ सावकाश चढतात, उताराचा मात्र त्रास होतो. कुठला किल्ला घेऊ? आणि जेवणाचं काय? आई अंडंसुद्धा खात नाही.

टाइनकाठ:

न्यूकॅसलला मला अकरा वर्षं झाली. घरी पाहुणे आले की भिंतीवर नेणं ठरलेलंच, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

चारही किल्ले दोन दिवसांत बसवता येतात, पण बसवू नका. गेल्या वर्षी मावशीला एका टूरबरोबर पाठवलं होतं. दिवसाला पाच ठिकाणं. हाउसस्टेड्सला चाळीस मिनिटं दिली, त्यातली पंचवीस चढण्या-उतरण्यातच गेली. संध्याकाळी मावशी म्हणाली, "भिंत बघितली, पण किल्ला कुठे होता?" तेव्हापासून सगळ्यांना सांगतो, दिवसाला एक किल्ला.

पहिला दिवस विंडोलांडा. हा भिंतीवर नाही, थोडा दक्षिणेला आहे, आणि भिंतीहून जुना. सम्राट हेड्रियन इ.स. १२२ मध्ये ब्रिटनला आला तेव्हा भिंतीचं काम सुरू झालं. विंडोलांडाचा पहिला लाकडी किल्ला त्याच्या आधीचा, साधारण इ.स. ८५ चा. पुढे त्याच जागी एकावर एक नऊ किल्ले उभे राहिले. दर वेळी जुनं पाडायचं, वर मातीचा थर द्यायचा आणि नवं बांधायचं. खालच्या ओल्या मातीला हवाच लागली नाही, म्हणून एरवी कुजून जाणारं सगळं तिथे टिकलं: लाकूड, चामडं, कापड. चामड्याच्या चपला-बूटच पाच हजारांहून जास्त निघालेत. संग्रहालयात ते एका ओळीने मांडलेले दिसतात. त्यात लहान मुलांचेही आहेत. तुमच्या लेकाला त्यांच्यासमोर उभं करा, बाकी काही समजावून सांगावं लागणार नाही.

आईंसाठी खरी गोष्ट म्हणजे तिथली पत्रं. १९७३ मध्ये रॉबिन बर्ली यांना खणताना लाकडाचे पातळ काप सापडले, आत शाईचं लिखाण. आता असे सतराशेच्या वर आहेत. आपल्या भूर्जपत्रासारखी ही साल नाही, बर्च नि आल्डर झाडांच्या लाकडाचे फार तर तीन मिलिमीटर जाडीचे काप, मध्ये दुमडून बंद केलेले. कुणी रजा मागतंय, कुणी हिशेब लिहितंय, कुणी मोजे, चपला नि आतले कपडे पाठवल्याचं कळवतंय. सगळ्यांत प्रसिद्ध पत्र इ.स. १०० च्या आसपासचं, क्लॉडिया सेव्हेरा या बाईंनी सल्पिशिया लेपिडिनाला लिहिलेलं. लेपिडिना म्हणजे विंडोलांडाच्या किल्लेदाराची बायको. सेव्हेराचा वाढदिवस ११ सप्टेंबरला, त्याला यायचं निमंत्रण आहे. मजकूर लेखनिकाच्या हातचा, पण शेवटच्या ओळी सेव्हेराने स्वतः लिहिल्यात, जरा वाकड्यातिकड्या अक्षरांत: बहिणी, तुझी वाट बघते. बाईच्या हातचं इतकं जुनं लॅटिन लिखाण क्वचितच सापडतं. मूळ पत्र लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, पण इतर काही पत्रं इथेही बघायला मिळतात. काचेजवळ जाऊन सावकाश बघा. पहिल्या नजरेला नुसता तपकिरी लाकडाचा तुकडा दिसतो, मग हळूहळू रेघा डोळ्यांत यायला लागतात.

बाबांसाठी सूचना: विंडोलांडाचे अवशेष वर आहेत, संग्रहालय आणि कॅफे खाली ओढ्याच्या अंगाला. जाताना उतार, येताना चढ. काठी घ्या, घाई करू नका. एप्रिल ते सप्टेंबर तिथे स्वयंसेवक खणत असतात, म्हणजे तुमच्या तारखांना खोदकाम चालू असायला हवं. दोरीच्या अलीकडून मुलगा हवं ते विचारू शकतो, ते लोक आनंदाने उत्तरं देतात.

दुसरा दिवस हाउसस्टेड्स, सकाळी उघडताक्षणी. वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत अर्धा मैल, चढाचा. बाबा सावकाश गेले तर जमेल. अजिबातच जमत नसेल तर काही सोय होते का ते खाली काउंटरवर आधी विचारा. पण शक्य असेल तर टाळू नका. हा किल्ला कड्याच्या माथ्यावर आहे, त्याचा उत्तरेचा तट म्हणजेच हेड्रियनची भिंत. तिथे उभं राहिल्यावर सीमा म्हणजे काय ते पायांना कळतं. आठशेच्या आसपास सैनिक होते, तिसऱ्या शतकात तुंग्री लोकांची पलटण, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची माणसं. पाण्याचं उत्तर इथे मुद्दाम सांगत नाही, बाबांनाच शोधू दे. आग्नेय कोपऱ्यात जा एवढंच सांगतो.

नदीकिनारी:

टाइनकाठ यांचं बरंचसं पटतं, पण ताज्या गुडघ्याला हाउसस्टेड्स नको असं माझं मत आहे. माझ्या सासूबाईंना आम्ही चेस्टर्सला नेलं. घोडदळाचा किल्ला, उत्तर टाइन नदीच्या काठी, जमीन जवळजवळ सपाट, वाहनतळ दारातच. स्पेनमधल्या अस्तुरियाचे घोडेस्वार तिथे होते. नदीच्या अंगाला सैनिकांचं स्नानगृह आहे, त्याच्या भिंती अजून डोक्याच्या वर उभ्या आहेत. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीत ओळीने सात कमानदार कोनाडे आहेत. आपल्या जुन्या वाड्यातल्या कोनाड्यांसारखेच वाटतात, दिवा ठेवावा असे.

आणि एक. एकोणिसाव्या शतकात भिंतीचे दगड लोक घरांना, गोठ्यांना नेत होते. न्यूकॅसलचे जॉन क्लेटन यांनी भिंतीलगतची जमीन तुकड्यातुकड्याने विकत घेतली आणि ते थांबवलं. हाउसस्टेड्ससुद्धा त्यांनीच घेतलं होतं. चेस्टर्सचं छोटं संग्रहालय त्यांच्या संग्रहाचं, १८९६ मध्ये उघडलेलं, मांडणी अजून जुन्याच धर्तीची. गड जपणाऱ्या माणसाला ही गोष्ट नक्की आवडेल.

टाइनकाठ:

चेस्टर्स सुंदरच आहे, स्नानगृहाला तोड नाही. पण तिथे उंची नाही, वारा नाही, पलीकडचा मुलूख दिसत नाही. जन्मभर गड चढलेल्या माणसाला मी नदीकाठी थांबवणार नाही. गुडघा दुखायला लागला तर बेत बदलून चेस्टर्सला जा, गाडीने जवळच आहे.

बिनगाडीवाला:

तुम्हाला गाडी आहे, पण पुढे धागा वाचणाऱ्यांसाठी लिहून ठेवतो. न्यूकॅसल–कार्लाइल रेल्वेवर हेक्सम आणि हॉल्टव्हिसल ही स्टेशनं. त्यांच्यामधून एडी१२२ नावाची बस भिंतीच्या कडेने जाते, चेस्टर्स, हाउसस्टेड्स, विंडोलांडा अशा ठिकाणी थांबते. बस फक्त हंगामात असते आणि फेऱ्या कमी, वेळापत्रक बघूनच निघा. बार्डन मिल स्टेशनवरून विंडोलांडा दोनेक मैल आहे, पण सगळा चढ.

तिकिटांचं एक नीट समजून घ्या. हाउसस्टेड्स, चेस्टर्स, बर्डॉस्वल्ड, कॉरब्रिज हे इंग्लिश हेरिटेज या जुनी स्थळं सांभाळणाऱ्या संस्थेकडे. विंडोलांडा वेगळ्या विश्वस्त संस्थेचं, तिथे इंग्लिश हेरिटेजचं कार्ड चालत नाही. विंडोलांडा आणि रोमन आर्मी म्युझियम मिळून एकत्र तिकीट निघतं, मूल सोबत असेल तर तेच घ्या. आईबाबांसारख्या परदेशी पाहुण्यांसाठी इंग्लिश हेरिटेजचा ९ किंवा १६ दिवसांचा पास असतो.

पदर खोचून:

जेवणाबद्दल. कॅफेत सूप, भाजलेला बटाटा, चीजचं सँडविच असं मिळतं, पण बिनअंड्याचं काही खात्रीने हवं असेल तर घरूनच न्या. आम्ही धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि थर्मासमध्ये चहा नेला होता. तिथे झाड नाही, आडोसा नाही, ऑगस्टातसुद्धा वारा कानात शिरतो. आईंना कानटोपी आणि वाऱ्याचं जॅकेट द्या, छत्री टिकणार नाही. पायांत चांगली पकड असलेले बूट हवेत, ओल्या गवतावर मेंढ्यांच्या लेंड्या असतात आणि दगड निसरडे होतात.

नाणेघाट:

आईंसाठी एक धागा माझ्याकडून. विंडोलांडाच्या पत्रांमध्ये उधारीची एक यादी आहे, त्यात गँबॅक्स नावाच्या माणसापुढे मिरी आणि दोन दिनार असं लिहिलंय. ती काळी मिरी मलबारची. केरळच्या किनाऱ्यावरून जहाजाने तांबड्या समुद्रात, तिथून इजिप्त, मग रोम, आणि शेवटी या थंड माळावरच्या शिपायाच्या खात्यावर. त्याच व्यापाराच्या काळातल्या ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठण, तेर आणि कल्याणची नावं येतात. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आईंनी टाउन हॉल संग्रहालयात पाहिली असेल. तिकडे आपल्याकडे सातवाहन, इकडे हेड्रियन. वर्गात हे दोन वेगळ्या धड्यांत येतं, विंडोलांडात ते एका ओळीत वाचायला मिळतं.

वेळ उरला तर कॅरॉबरा इथलं मिथ्राचं, म्हणजे रोमन सैनिक पूजत त्या देवाचं, देऊळ बघा. रस्त्यालगत आहे, तिकीट नाही, पंधरा मिनिटं पुरतात. १९४९ मध्ये सापडलं. छोटंसं, अर्धं जमिनीत, आत वेद्यांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. मिथ्र म्हणजे आपल्या वेदांतला मित्र, नाव एकाच मुळाचं. लोक तिथे अजूनही नाणी ठेवून जातात.

माहुलीची लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. विंडोलांडा आणि हाउसस्टेड्स नक्की केलं, चेस्टर्स राखीव. आल्यावर लिहिते.

माहुलीची लेक:

कालच परत आलो. बाबा अजून झोपलेत, तोवर लिहून टाकते.

विंडोलांडात आई बाहेर यायलाच तयार नव्हती. पत्रांच्या खोलीत अंधार असतो, ती एकेका काचेपुढे चष्मा वर-खाली करत उभी. मला म्हणाली, सेव्हेराने शेवटच्या ओळी स्वतः लिहिल्या, म्हणजे बाकीचं दुसऱ्याकडून लिहून घेतलं तरी निरोप आपल्या हातचा जावा असं वाटलं तिला. माझी आजी अशीच करायची. पोस्टकार्ड आजोबांकडून लिहून घ्यायची आणि खाली स्वतः "ये गं" लिहायची. मिरीची ओळही आईने मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून झाली. लेकाला खोदकामातल्या एका बाईंनी खापराचा तुकडा हातात धरायला दिला. तो परत देताना त्याने दोन्ही हात पुढे केले, देवाला फूल वाहतात तसे.

हाउसस्टेड्सला सकाळी दहाला पोहोचलो. बाबांनी चढ तीनदा थांबून पार केला. वर गेल्यावर मात्र पूर्व दरवाजात गेले आणि वाकून उंबऱ्यावरच बसले. दोन्ही बाजूंना देवड्या, उंबऱ्याच्या दगडात गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या आणि कडेला दाराचा खुंट फिरायचा तो गोल खळगा. त्यात बोट घालून फिरवत होते. "राजगडाच्या पाली दरवाजात बसल्यासारखं वाटतंय," म्हणाले. धान्याच्या कोठारात फरशीखालचे दगडी खांब बघितले. धान्याला ओल लागू नये म्हणून फरशी वर उचललेली. तिथे त्यांनी नातवाला पन्हाळ्याच्या अंबरखान्याची सगळी गोष्ट सांगितली.

मग आग्नेय कोपरा. टाइनकाठ, तुम्ही सांगितलं नाहीत ते फार बरं केलंत. शौचकूप आहे तिथे, एका वेळी बरेच जण बसतील असा. बाजूने खोल गटार, मध्ये पाण्याची बारीक पन्हळ. शेजारी दगडी पाट्या जोडून केलेली मोठी टाकी, काठ घासून घासून वाटीसारखे खोलगट झालेले. बाबा आधी टाकीपाशी थांबले, मग वळून वरच्या सगळ्या किल्ल्याकडे बघितलं, मग म्हणाले, "अगं, इथे झरा नाहीच. सगळा किल्ला या कोपऱ्याकडे उतरता बांधलाय. छपरांचं पाणी टाक्यांत, टाक्यांतलं इथे, आणि इथून घाण बाहेर." फलकावर तेच लिहिलं होतं, पण त्यांनी फलक नंतर वाचला. आपल्या गडांवरची टाकी खडकात खोदलेली, इथे जोडलेली, एवढाच काय तो फरक म्हणाले.

उताराचा त्रास झालाच. खाली यायला पाऊण तास लागला, रात्री गुडघ्याला शेक दिला. तेवढं धरून चाला, ज्येष्ठांना नेणाऱ्यांनी परतीला दुप्पट वेळ ठेवा. सिकॅमोर गॅपला चालत जाणं मग रद्द केलं. तिथल्या खिंडीतलं ते प्रसिद्ध एकटं झाड २०२३ मध्ये कुणीतरी कापून टाकलं हे सांगितल्यावर बाबा बराच वेळ गप्प होते.

आता त्यांना अँटोनाइनची भिंत बघायचीय. स्कॉटलंडमधली, १४२ मध्ये सुरू झालेली, दगडाची नसून मातीच्या नि गवताच्या ढेकळांची. फॉल्कर्कजवळच्या रफ कासल या तिथल्या किल्ल्याला कुणी गेलंय का? वाहनतळापासून किती चालावं लागतं आणि उतार कसा आहे?