‘जोखीम घटक’ आईला कसं सांगायचं?

सुरंगी: तापात आकडी येऊन गेलेल्या मुलांच्या पालकांसाठी एक पानी पत्रक मराठीत करतेय. कणकवलीकडच्या आशाताई ते घरोघर वाचून दाखवणार आहेत. ‘रिस्क फॅक्टर’ला ‘जोखीम घटक’ लिहिलं, तर एक ताई म्हणाली, “म्हणजे पोराच्या जिवाला धोका?” तसं नाही हो! साधारण तिघांतल्या एकाला पुन्हा आकडी येते एवढंच. पहिली दीड वर्षाच्या आत आली, आईवडील-भावंडांत कुणाला लहानपणी आली होती, ताप फारसा नसतानाच आली, किंवा ताप चढल्यावर तासाभरात आली, तर शक्यता वाढते. या चार गोष्टींना मिळून काय म्हणू?

खाडीकाठ: सरळ ‘कारणं’ म्हणा.

सुरंगी: कमी तापात आकडी येणं हे पुढच्या आकडीचं कारण नव्हे, खूण आहे. ‘कारण’ वाचलं की आई स्वतःलाच दोष देते, औषध उशिरा पाजलं म्हणून. तापाचं औषध वेळेवर दिलं तरी पुढची आकडी टळतेच असं नाही.

पडवी: ‘जोखीम’ हिंदी वळणाचा. मला खटकतो.

खाडीकाठ: हिंदी कसला? आपल्या बंदरांच्या व्यापारात ‘जोखमी हुंडी’ होती, हुंडी म्हणजे पैसे देण्याची चिठ्ठी. माल गलबतातून सुखरूप पोचला तरच पैसे. पोचेल की नाही, ती जोखीम. सुरंगीताईंना हाच अर्थ हवाय.

पडवी: हुंडी आज कुणाला आठवते? त्यापेक्षा ‘आकडी’ बदला. लोक तिला मिरगीच समजतात.

माडाखाली: आकडी का बदलायची? आजी म्हणायची, “पोराक आकडी इली.” फांदी ओढायची काठी ती आकडी, टोकाला वाकडी. पोराचं अंग तसंच वाकतं.

पडवी: मला तो ‘आखडणे’वरून आलेला वाटतो. हातपाय आखडतात.

माडाखाली: आखडणं वेगळं. माझ्या धाकट्या भावाला अकरा महिन्यांचा असताना आली, मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारणीने नाकाला कांदा लावला, दातांत चमचा घातला आणि दुधाचा दात तुटला. पत्रकात हे आधी घाला: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर लगेच दवाखाना.

सुरंगी: घातलंय, सगळ्यात वर. पण त्या चार गोष्टींचं नाव अजून अडलंय.

खाडीकाठ: रायगडात आकडी म्हणतात की फेफरं?