मदत हवी आहे: कोडिंग शाळेत शिकवताना कीबोर्ड माझ्याच हातात येतो

नमस्कार मंडळी,

माझं शिक्षण बार्शीजवळच्या गावात, मराठी माध्यमात झालं. बी.ए. नंतर पुण्यातल्या एका निवासी कोडिंग शाळेत दीड वर्ष काढलं आणि गेली दोन वर्षं एका छोट्या कंपनीत पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करते. आमच्या शाळेत आधीच्या तुकडीने नंतरच्या तुकडीला शिकवायचं अशी रीत आहे. मलाही एका ताईनेच शिकवलं. म्हणून शनिवारी मेंटर म्हणून येशील का असं विचारल्यावर लगेच हो म्हटलं. आठ मुली, दोन तास.

तिसऱ्या शनिवारी एकीने सातचा पाढा छापायचा प्रोग्रॅम लिहिला. फॉर लूप, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं, आणि त्यात कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगणारं रेंज(१, १०). पाढा सात नव्वे त्रेसष्टवर थांबला. तिने विचारलं, "ताई, दाहे कुठे गेलं?" बाकीच्या वाट बघत होत्या. मी कीबोर्ड ओढला, दहाचे अकरा केले, "शेवटचा आकडा धरत नाहीत, असंच असतं" म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे गेले. नंतरच्या शनिवारी ती वर्षाच्या खर्चाची बेरीज करत होती, रेंज(१, १२) लिहून. डिसेंबर गळलेला. या वेळी तिने हाक मारलीच नाही, मला मागून जाताना दिसलं. तेव्हापासून ती काहीच विचारत नाही. हे मला फार लागलंय.

कारण मी स्वतः तशीच होते. एरर आली की न वाचताच खिडकी बंद करायचे; लाल अक्षरं म्हणजे आपलं चुकलं, एवढंच कळायचं. ती ताई शेजारी बसून एकच सांगायची, "शेवटची ओळ मोठ्याने वाच." नेमएरर हा शब्द तसा वाचला, तेव्हा कळलं की एकाच व्हेरिएबलचं (माहिती साठवायला दिलेल्या नावाचं) स्पेलिंग मी दोन ठिकाणी वेगळं लिहिलंय. तिने माझ्या कीबोर्डला कधी बोट लावलं नाही. पण आम्ही तेव्हा तिघीच होतो.

आठ जणी असताना हे कसं जमवायचं? आणि मुलींना व्हेरिएबलची नावं मराठीत लिहू द्यावीत का? रेंजचं खरं कारण सोप्या भाषेत कोणी सांगेल का?

प्रतिसाद १

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवतो. आधी रेंजचं. आपण म्हणतो ना, मुलाला नऊ पूर्ण झाली, दहावं लागलं. दहा लागलं की रेंज थांबते, दहाच्या घरात पाऊल टाकत नाही. फायदा असा की शेवटातून सुरुवात वजा केली की फेऱ्या मिळतात: १० वजा १, नऊ फेऱ्या. शिवाय ० ते १० आणि १० ते २० असे दोन तुकडे जोडले तर दहा दोनदा मोजला जात नाही. संगणकशास्त्रज्ञ डाइकस्ट्रा यांनी १९८२ साली हेच कारण एका छोट्या टिपणात मांडलंय.

आठ जणींच्या चार जोड्या करा. एकीने टाइप करायचं, दुसरीने सांगायचं, दर पंधरा मिनिटांनी अदलाबदल. रन करण्याआधी काय छापलं जाईल ते वहीत लिहायला लावा. तुम्हाला हाक मारण्याआधी एररची शेवटची ओळ जोडीदारणीला वाचून दाखवायची. लॅबमधलं पायथन ३.१० च्या आधीचं असेल तर बदलून घ्या. त्यापासून पुढे न मिटलेला कंस नेमका कुठे उघडला होता ते सांगतं. लूप समजत नसेल तर पायथन ट्यूटर ही साइट उघडा, एकेका ओळीला व्हेरिएबल कसं बदलतं ते चित्रात दिसतं.

आणि चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या ओळी कापून चिठ्ठ्या करा, त्या क्रमाने लावायला द्या. याला पार्सन्स प्रॉब्लेम म्हणतात. कीबोर्डच नाही, म्हणजे ओढायचा प्रश्नच नाही.

प्रतिसाद २

पायथन ३ मध्ये देवनागरी नावं चालतात, 'बेरीज' असं सरळ लिहिता येतं. पण कीबोर्ड सारखा बदलावा लागतो, मुली त्यातच अडकतात. आम्ही शब्द मराठी आणि अक्षरं रोमन ठेवली. गिटवर (कोडमधले बदल जपून ठेवायच्या साधनावर) काम सुरू झालं की इंग्रजी नावांकडे वळवलं.

धागाकर्ती

मनापासून आभार. "दहावं लागलं" हे त्या मुलीला शनिवारी सगळ्यांत आधी सांगणार, आणि मागच्या वेळी मी घाईत उत्तर टाळलं हेही सांगणार. एक शंका: चिठ्ठ्यांवर इंडेंटेशन, म्हणजे ओळ आत सरकवणं, कसं दाखवता? लूपच्या आतली ओळ आणि बाहेरची ओळ सारखीच दिसेल ना?

प्रतिसाद १

चिठ्ठीवर दाखवायचंच नाही. चौकटीच्या वहीचं पान खाली ठेवा, आतली ओळ चार चौकटी सरकवून त्यांनाच लावू दे. बेरीज छापायची चिठ्ठी कोण कुठे ठेवते, त्यावरून लूप कोणाला कळलाय ते लगेच दिसतं.