मदत हवी आहे: एकाच घरातले बहीणभाऊ, वजनात जवळपास चाळीस किलोंचा फरक

नौपाड्याची_लेक

नमस्कार. माहेर नौपाड्यात, आता घोडबंदर रोडला राहते. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. वय ३१, उंची पाच फूट सात इंच, वजन ९६. माझं ५८. दोघं एकाच आईच्या हातचं खाऊन वाढलो, आणि भातावर तूप मीच जास्त ओतून घ्यायचे.

बाबांकडचे सगळे अंगाने भरलेले: आजोबा, आत्या, दोन्ही काका. आत्याला चाळिशीतच मधुमेह निघाला. मी आईच्या वळणावर गेले. घरी मात्र एकच निदान, "तोंडावर ताबा नाही." स्थळ येतं, फोटो बघून थंडावतं, की आईचं पुन्हा तेच सुरू. तो ऐकून घेतो आणि खोलीत जाऊन बसतो. लहानपणापासून मनातलं बोलणार नाही, आणि फरसाणाचा डबा उघडला की तळ दिसेपर्यंत हात थांबणार नाही.

नोकरी ऐरोलीला, शिफ्ट अमेरिकेच्या वेळेची. संध्याकाळी कॅब नेते, पहाटे आणून सोडते. कॉलेजात ७४ होता, नोकरी लागल्यापासून काटा चढतोच आहे.

आता एका लॅबवाल्यांनी त्याला सांगितलंय, "जीन टेस्ट करा, त्यावरून डाएट देतो." पैसे बरेच मागतायत. करावी का? वजनात आनुवंशिकतेचा वाटा किती, स्वभावाचा किती? आणि आधी जायचं कोणाकडे? इच्छाशक्तीवरची प्रवचनं घरी मुबलक मिळतात, ती कृपया नकोत.

घाटावरचा

नको म्हणालात तरी देतो. कमी खा, जास्त चाला. आमच्या गावात कोणाचे जीन्स तपासले नव्हते, तरी कोणी जाड नव्हतं.

नेरूळकर

घाटावरचे, गावात दिवसभर शेतात राबून सूर्य मावळला की जेवण व्हायचं. तिथे रात्री दोनला कोणी फ्राइड राइस आणून देत नव्हतं. तेच जीन्स घेऊन ऐरोलीत बसा, मग बोलू.

ताई, मी फिजिशियन आहे. टेस्ट करू नका.

आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. १९८६ साली डेन्मार्कमधल्या दत्तक मुलांचा अभ्यास आला. मोठेपणी त्यांची अंगकाठी जन्मदात्यांशी जुळली, ज्यांच्या घरी जेवून वाढली त्यांच्याशी नाही. तेव्हा एकाच आईच्या हातचं खाऊन तुम्ही दोघं वेगळे निघालात यात नवल नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत हा वाटा साधारण ४० ते ७० टक्के येतो. पण हा आकडा माणसामाणसांतल्या फरकाचा आहे. ९६ पैकी अमुक किलो बाबांकडून आले, असा हिशेब त्यातून निघत नाही.

टेस्टला नाही म्हणण्याचं कारण असं. २००७ मध्ये स्थूलपणाशी संबंध लागलेलं एफटीओ हे यातलं सगळ्यात गाजलेलं जनुक. त्याच्या दोन्ही प्रती (एक आईकडची, एक बाबांकडची) धोक्याच्या असल्या तरी वजन सरासरीने तीनेक किलोच जास्त भरतं. बाकी शेकडो जनुकं, प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. त्यावरून भाकरी खायची की भात, हे कोणी ठरवून देऊ शकत नाही. अपवाद आहेत. एमसीफोरआरसारखं एखादंच जनुक बिघडलं असेल तर अगदी लहानपणीच प्रचंड वजन आणि न भागणारी भूक दिसते. तुमच्या भावाचं तसं वाटत नाही.

स्वभावाचं म्हणाल, तर अमेरिकेत बाल्टिमोरला वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या लोकांवरचा एक अभ्यास २०११ मध्ये आला. उतावळेपणात वरच्या दहा टक्क्यांतले लोक खालच्या दहा टक्क्यांपेक्षा सरासरी ११ किलोंनी जड होते. एफटीओपेक्षा जास्तच झालं की! पण स्वभावही थोडाफार रक्तातूनच येतो, आणि झोप अपुरी झालेल्या कोणाचाही हात डब्याकडे लवकर जातो. म्हणून जनुकं, स्वभाव आणि झोप हे तीन वाटे सुरीने कापून वेगळे करता येत नाहीत.

मला यात सगळ्यात जास्त खटकते ती शिफ्ट. जनुकं कॉलेजातही तीच होती, स्वभावही तोच. तसं ७४ लाही तो मर्यादेत नव्हताच. आपल्याकडे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ च्या पुढे स्थूलपणा धरतात, कारण तेवढ्याच वजनात आपल्या अंगात गोऱ्यांपेक्षा चरबी जास्त असते. पुण्याच्या केईएमचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे नवजात बाळांतही दाखवलंय. तेव्हा ५८ वर तुम्हीही निर्धास्त राहू नका. आत्याचा मधुमेह लक्षात घेऊन पोटाचा घेर मोजा, बायकांना ८० सेंटिमीटरची मर्यादा.

आधी साधा फिजिशियन गाठा. बीपी, एचबीएवनसी (तीनेक महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे), लिव्हर, टीएसएच (थायरॉइड) करून घ्या. घोरतो का? जागेपणी पेंगतो का? तसं असेल तर स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास अडकतो का ते बघणारी तपासणी. वजन उतरवायच्या इंजेक्शनांचं डोक्यात असेल तर ते डॉक्टरांशी बोला, मेडिकलवाल्याशी नको. आणि ७० चं लक्ष्य घेऊन बसू नका, ९१ झाले तरी साखर-बीपीत फरक दिसू शकतो.

आईंना एवढं सांगा, की टोमण्यांनी वजन उतरत नाही. उलट वजनावरून हिणवल्या गेलेल्यांचं वाढलेलंच अभ्यासांत दिसतं.

निशाचर

ऐरोलीतच रात्रपाळी केली आहे, म्हणून लिहितो. रात्री दोनला भूक नसते, कंटाळा असतो. सगळी टीम उठून गेटबाहेर भुर्जीपाव आणि कटिंगला जाते, एकटा माणूस डेस्कवर बसून काय करणार? न जाणारा खडूस ठरतो. वर पहाटे घरी पोचलं की आई प्रेमाने पोह्यांची बशी पुढे करते. म्हणजे दिवसाला चार जेवणं.

मी मुख्य जेवण कॅब यायच्या आधी घरीच करायला लागलो. रात्री डब्यात चणे नाहीतर दोन उकडलेली अंडी. टीमबरोबर खाली जायचो, पण फक्त चहाला. घरी आल्यावर आधी झोप. थोडं उतरलं. बरं उतरलं ते दुपारची शिफ्ट मिळाल्यावर. त्यासाठी मॅनेजरला डॉक्टरांचं पत्र दिलं होतं, नुसतं तोंडी विचारून काही होत नाही.

नौपाड्याची_लेक

सगळ्यांचे आभार, घाटावरचे तुमचेही. टेस्ट रद्द. निशाचर, ती पोह्यांची बशी आमच्याकडे रोज असते! आईला सांगून ती दुपारवर ढकलते. तिला "बंद कर" म्हटलं तर रुसेल. पत्राचं त्याला पटलंय, मॅनेजरशी तो स्वतः बोलणार आहे.

नेरूळकर, माझा घेर ८४ निघाला, त्यामुळे रक्ततपासणीला आता दोघंही जातोय. आणि हो, तो घोरतो, शेजारच्या खोलीत ऐकू येतं. फक्त एक शंका. त्याची झोप दिवसाची, सकाळी सात ते दुपारी एक. मग स्लीप स्टडी दिवसा करतात का, की त्यासाठी सुट्टी घेऊन रात्री झोपावं लागेल? ठाण्यात घरी मशीन आणून कोणी केली असेल तर खर्चही सांगा.