मास्टर्सला फोनशिवाय जायचंय, मदत हवी आहे (तातडीने)

घाईत_आहे
नमस्कार. प्रस्तावना टाळतो. मास्टर्सची दोन तिकिटं लागली आहेत, बाबांना घेऊन जातोय. आत फोन अजिबात नेऊ देत नाहीत हे आत्ता कळलं. मग फोटोचं काय? बाबांकडे जुना डिजिटल कॅमेरा आहे, तो चालेल का? आणि आत गेल्यावर बसायचं कुठे? जे जाऊन आलेत त्यांनीच लिहा, गूगल मलाही येतं. पुढच्या आठवड्यात निघायचंय.

कोपऱ्यातला_वाचक
कोणतं मास्टर्स? टेनिसमध्येही असतं, स्नूकरमध्येही असतं.

घाईत_आहे
गोल्फ! अमेरिकेतलं ऑगस्टा! अजून कोणतं?

नऊ_नंबरी
तिकीट कोणत्या दिवसाचं आहे ते आधी सांगा, कॅमेऱ्याचं सगळं त्यावर आहे. सोमवार ते बुधवार सराव असतो, तेव्हा स्वतःपुरते फोटो काढायला साधा कॅमेरा चालतो. गुरुवार ते रविवार खरी स्पर्धा, तेव्हा कॅमेराही बाहेर. फोन मात्र सातही दिवस नाही. बंद करून खिशात ठेवला तरी नाही. सापडला तर तिकीट जातंच, आणि पुढच्या वर्षीचा अर्ज भरायची आशाही सोडा.

स्कॉटलंडवारी
मी तर म्हणेन ऑगस्टाचा नाद सोडा, द ओपन बघा, ब्रिटनमधली गोल्फ स्पर्धा. २०२२ ला सेंट अँड्र्यूजला होतो, दीडशेवी स्पर्धा. आठवड्याभरात २९०००० माणूस आलं होतं. फोन खिशात, फक्त आवाज बंद, कुणी काही बोलत नाही. वारा असा की हातातला कागद उडाला तो थेट समुद्राकडे. गोल्फ असं बघायचं असतं. ऑगस्टा म्हणजे कुंडीत लावलेलं गोल्फ.

घाईत_आहे
अहो तिकिटं लागली आहेत. ऑगस्टाची.

शंकेखोर
'लागली' म्हणजे सोडतीत लागली, की कुठल्या साइटवरून घेतली? चौकशीपुरतं विचारत नाहीये. त्यांची तिकिटं परत विकायला परवानगी नाही. तसं घेतलेलं तिकीट दारावर रद्द होऊ शकतं, मग बाबांना घेऊन पार्किंगमध्ये उभे राहाल.

पैसे_वसूल
उगाच घाबरवू नका. माझ्या ओळखीतले दोघं विकत घेऊन गेले आणि आरामात आले. उलट मी म्हणतो, आई कुठे आहेत? त्यांच्यासाठी तिसरं घ्या. आयुष्यात एकदाच जायचं तर तिघांनी जा.

शंकेखोर
दोघं आरामात आले म्हणून तिसऱ्याला आत सोडतील? सिग्नल तोडून घरी सुखरूप पोचणारे पण भरपूर असतात.

पैसे_वसूल
तुम्ही स्वतः गेला आहात का कधी?

शंकेखोर
चार वेळा अर्ज केला, चारही वेळा "या वेळी नाही" असं ईमेल आलं. म्हणून तर नियम पाठ आहेत.

पहिलाच_चेंडू
गोल्फ सुरू करताय तर स्वानुभवाने सांगतो, काठ्यांचा पूर्ण सेट घेऊ नका. एक सात नंबरचं आयर्न, एक पटर आणि एक वेज, एवढ्यावर सहा महिने काढा. हातमोजा डाव्या हातात (उजव्या हाताने खेळत असाल तर). ड्रायव्हरला (लांब फटक्याची काठी) तर हातही लावू नका, कंबर जाते.

कोपऱ्यातला_वाचक
त्यांना बघायला जायचंय हो, खेळायला नाही.

पहिलाच_चेंडू
बघून आल्यावर खेळावंसं वाटणारच. मग हा धागा शोधत येतील.

घाईत_आहे
बुधवार. सोडतीतलीच आहेत, गेल्या जूनमध्ये अर्ज केला होता. आईला गोल्फमध्ये काडीचा रस नाही, ती घरी राहणार आहे, तिसऱ्या तिकिटाचा विषय संपवा. कॅमेरा चालतो हे कळलं, आभार. आता बसायचं कुठे ते सांगा. बाबा ७१ चे आहेत, डावा गुडघा दुखतो, पण हिंडतात. व्हीलचेअरचं नाव काढलं की चिडतात.

नऊ_नंबरी
गुडघा! हे पहिल्या पोस्टमध्ये यायला हवं होतं. टीव्हीवर ऑगस्टा सपाट गालिचा दिसतं. प्रत्यक्षात क्लबहाउस टेकडीच्या माथ्यावर आहे आणि रेज क्रीकचा ओढा तिथून शंभर फुटांहून जास्त खाली. अठरा होल, म्हणजे खेळायचे अठरा टप्पे, त्यातलं दहावं म्हणजे नुसता उतार. बाबा बोलत बोलत खाली जातील, परत वर येताना खरी मजा आहे. अठरावंही चढावरच. शिवाय झाडांखाली पाइनची वाळलेली पानं पसरलेली असतात, त्यावरून पाय सटकतो. चांगल्या पकडीचे बूट घाला. खिळ्यांचे गोल्फचे बूट मात्र चालत नाहीत.

माझं ऐकाल तर वरच राहा. सरावाच्या मैदानापाशी बसायला जागा असते आणि सगळे खेळाडू कधी ना कधी तिथे येतातच. पहिला टी (होलचा पहिला फटका मारायची जागा), नववं ग्रीन (चेंडूच्या खळग्याभोवतीची हिरवळ), अठरावं ग्रीन, सगळं क्लबहाउसच्या आसपास.

आमेनवाला
ऑगस्टाला जाऊन वरच बसायचं? ११, १२, १३ नंबरची होल न बघता परत यायचं? त्या कोपऱ्याला आमेन कॉर्नर म्हणतात, हे नाव १९५८ मध्ये हर्बर्ट वॉरन विंड या पत्रकाराने दिलं. बाराव्याच्या टीच्या मागे बसायला पायऱ्यापायऱ्यांचा मोठा स्टँड आहे, तिथून अकराव्याचं ग्रीन, अख्खं बारावं आणि तेराव्याची सुरुवात एका जागेवरून दिसते. गुडघा दुखतोय तर सकाळी ताजे असताना हळूहळू उतरा, तिथे दोन तास बसा, मग टप्प्याटप्प्याने वर या. घाई करायची नाही, तिथे पळायला तशीही बंदी आहे.

नऊ_नंबरी
दोन तास बसून आखडलेल्या गुडघ्याने चढ चढायचा. छान.

आमेनवाला
तुमचे बाबा आहेत का? त्यांच्या बाबांना विचारू दे.

घाईत_आहे
विचारलं. बाबा म्हणाले, "बारावं बघायचं. चढाचं चढाला बघू." विषय संपला. आता खुर्ची न्यावी का?

नऊ_नंबरी
घडीची, बिनहाताची खुर्ची चालते. एकदा मांडली की ती जागा तुमची, तासभर कुठेही जाऊन या, कुणी हलवत नाही. आणि रिकाम्या खुर्चीवर दुसऱ्याने बसलं तरी चालतं, मालक आला की उठायचं. एवढ्या माणसांत हे बिनबोभाट चालतं, यावर माझा पहिल्या वर्षी विश्वास बसला नव्हता.

आमेनवाला
खुर्ची वाहायची कोणी? स्टँडवर बसा. शिवाय बुधवारी दुपारी पार थ्री असते, तिथे खुर्चीची अडचणच होते.

घाईत_आहे
पार थ्री म्हणजे? तीन फटक्यांत संपवायची पार ३ ची होल तर रोजच असतात ना?

आमेनवाला
बुधवारचं तिकीट असून हे माहीत नाही?? बाजूला नऊ होलचा वेगळा छोटा कोर्स आहे, तळ्यांभोवती. १९६० पासून मास्टर्सच्या आठवड्यात बुधवारी तिथे हलकीफुलकी स्पर्धा होते. खेळाडूंची चिमुरडी पोरं कॅडीचे (खेळाडूची पिशवी वाहणाऱ्याचे) पांढरे झगे घालून धावत असतात, कुणी बापाचा पट (ग्रीनवरचा हलका फटका) मारतं, कुणी चेंडू उचलून पळतं. आजवर पार थ्री जिंकणारा त्याच वर्षी मास्टर्स जिंकलेला नाही, म्हणून पुढे असलेले काही जण मुद्दाम शेवटचा पट पोराला मारायला देतात असं बोललं जातं. सह्या हव्या असतील तर तिथेच मागा, मुख्य कोर्सवर मनाई आहे.

सकाळी सोळाव्यावर नक्की जा. सरावाच्या दिवशी लोक "स्किप! स्किप!" ओरडतात आणि खेळाडू तळ्याच्या पाण्यावरून चेंडूला टप्पे खायला लावून ग्रीनवर पाठवतात, आपण भाकऱ्या काढायचो ना चपट्या दगडाने, तसं. २००९ मध्ये विजय सिंगचा असा टप्पे खाल्लेला चेंडू थेट होलमध्ये गेला होता.

घाईत_आहे
विजय सिंग! बाबांनी गोल्फ बघायला सुरुवातच त्याच्यामुळे केली, तो २००० ला जिंकला तेव्हापासून.

माहितीजीवी
अवांतर: विजय सिंग फिजीचा. मास्टर्स खेळणारा पहिला भारतीय जीव मिल्खा सिंग, २००७. पुढच्या वर्षी तो पंचविसाव्या जागी बरोबरीत होता. आणि तिथे प्रेक्षकांना प्रेक्षक म्हणत नाहीत, 'पेट्रन' म्हणतात. १९६६ मध्ये जॅक व्हिटेकर या समालोचकाने गर्दीला 'मॉब' म्हटलं, तर त्याला पुढची काही वर्षं तिथून समालोचन करू दिलं नाही.

सोफ्यावरून
एवढा खटाटोप कशाला? २०२५ ला रोरी मॅकिलरॉयने अठराव्यावर छोटा पट चुकवला, मग बरोबरी सोडवायला जस्टिन रोजबरोबर प्लेऑफ, मग जिंकून गुडघ्यावर बसून रडला. सगळं सोफ्यावरून पाहिलं, चहा पीत. तिथे असतो तर समोरच्याची टोपी दिसली असती.

घाईत_आहे
धाग्याचं काश्मीर करू नका. खरी काळजी वेगळीच आहे. बाबा हिंडणारे आहेत. फोन नाही आणि ते हरवले तर?

नऊ_नंबरी
भेटायची जागा ठरवा. क्लबहाउसमागचं मोठं ओकचं झाड, आंधळ्यालाही सापडेल. प्रत्येक तासाला नाही, दोन ठरावीक वेळा. दोघांकडे साधं मनगटी घड्याळ हवं.

गाडी कुठे लावली हेसुद्धा कागदावर लिहा. पार्किंग फुकट आहे आणि अफाट आहे. गाडी लावली की फोनने खांबाचा फोटो काढायची आपल्याला सवय, आणि मग तो फोन त्याच गाडीत ठेवून आत जायचं! मी संध्याकाळी पाऊण तास राखाडी गाड्यांच्या रांगा पालथ्या घातल्या आहेत.

आमेनवाला
आत टेबलांवर फुकट फोन मांडलेले असतात. तिथून लावायचा.

शंकेखोर
लावायचा कुणाला? बाबांकडे फोन नाही, यांचा फोन गाडीत.

आमेनवाला
बरोबर आहे. हे लक्षात नाही आलं.

कोपऱ्यातला_वाचक
आई घरी आहेत ना? चुकामूक झाली की दोघांनीही घरी लावायचा. आई सांगतील कोण कुठे आहे. आमच्या लहानपणी जत्रेत असंच करायचे, फक्त तेव्हा आईऐवजी लाउडस्पीकर होता. नंबर मात्र बाबांच्या खिशात चिठ्ठीवर लिहून द्या, हल्ली पाठ कुणाला असतो?

नऊ_नंबरी
मानलं.

वेळापत्रक
निघणार कुठून? हे कुणी विचारलंच नाही.

घाईत_आहे
बर्मिंगहॅम.

स्कॉटलंडवारी
बर्मिंगहॅमला राहून ओपन सोडून ऑगस्टाला चाललात???

घाईत_आहे
अलाबामातलं बर्मिंगहॅम.

स्कॉटलंडवारी
अच्छा. तरीही.

वेळापत्रक
मग नीट ऐका. आय-२० हायवे धरला की सरळ ऑगस्टा, पण साडेचार तास तरी लागतात, आणि जॉर्जियाची हद्द लागली की घड्याळ एक तास पुढे जातं. मनगटी घड्याळ घालणार आहात, ते आपोआप बदलत नाही! पहाटे निघालात तर बाबा बाराव्याच्या स्टँडवर पोचायच्या आधीच थकतील. आदल्या रात्री मुक्काम करा. ऑगस्टात त्या आठवड्यात हॉटेलचे भाव ऐकवत नाहीत. शाळांना सुट्टी असते आणि गावातले लोक आपलीच घरं भाड्याने देऊन फिरायला जातात. पलीकडे साउथ कॅरोलायनात एकेन बघा, नाहीतर अलीकडे थॉमसन.

घाईत_आहे
घड्याळाचं डोक्यातच नव्हतं. थॉमसनला खोली मिळाली. जाऊन आलो की लिहितो.

पहिलाच_चेंडू
दुकानातून टोपीबरोबर चेंडूही घ्या, सुरुवातीला लागतात.

घाईत_आहे
जाऊन आलो. उशिरा लिहितोय, माफी.

बाबा उतार उतरले ते टेकायला काठीसुद्धा न घेता. बाराव्याच्या स्टँडवर बसवलं, "इथून हलू नका" म्हटलं आणि मी दुकानाच्या रांगेत गेलो, बायकोला तो बागेतला बुटका पुतळा हवा होता. माणशी एकच देतात. माझा नंबर येईपर्यंत संपला. परत येऊन बघतो तर बाबांच्या जागेवर कुणीतरी लाल टोपीवाला. पोटात गोळा आला. पळायलाही बंदी! भराभर चालत टेबलाशी गेलो, घरी फोन लावला. आई शांतपणे म्हणाली, "ते सोळाव्यावर आहेत. दहा मिनिटांपूर्वी फोन आला होता. सँडविच खातायत, दीड डॉलरला मिळालं म्हणून खूश आहेत. तू जेवलास का?"

सोळाव्यावर गेलो, तर बाबा कुणाच्या तरी हिरव्या खुर्चीवर, मांडीवर पिमेंटो चीज सँडविचचा कागद, आणि आजूबाजूच्यांबरोबर "स्किप! स्किप!" खुर्चीचा मालक मागे उभा होता. मी बाबांना उठवायला लागलो तर तोच म्हणाला, बसू द्या. पन्नाशीचा गोरा माणूस, त्याने त्यांना कुठला खेळाडू कोणता हेही शिकवलं होतं: कॅडीच्या पाठीवर त्याच्या खेळाडूचं नाव असतं. परिणामी कॅमेऱ्यात १८३ फोटो, त्यातले निम्मे कॅडींच्या पाठीचे.

चढ चढताना तीनदा थांबलो. पार थ्रीला गर्दीत फार काही दिसलं नाही. एक पोरगी तळ्याकाठी फतकल मारून बसली होती आणि बाप तिची वाट बघत उभा, तेवढं दिसलं. गाडी लगेच सापडली, चिठ्ठी होती.

@शंकेखोर, बाबांना पुढच्या वर्षी परत यायचंय. अर्ज कधीपासून?

शंकेखोर
जूनमध्ये. या वेळी चारही दिवस सरावाचेच मागा.

नऊ_नंबरी
सरावाचे दिवस तीन आहेत.

नवा_सदस्य
मलाही जायचं आहे. पूर्ण धागा वाचला नाही, पण कॅमेरा नेऊ देतात का हे दिवसावर अवलंबून असतं असं ऐकलं. तुमचं तिकीट कोणत्या दिवसाचं आहे?