'हाव साहेब' म्हणतात आणि काम वेगळंच होतं: शिफ्टवर नीट सांगायचं आणि ऐकायचं कसं?

शिफ्ट_बी (जळगाव एमआयडीसी)
पीव्हीसी पाइपाच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज आहे. एक्स्ट्रूजनच्या (वितळलेला माल साच्यातून ढकलून पाइप काढण्याच्या) चार लाइन. ऑपरेटर बहुतेक धरणगाव-एरंडोलकडचे, आपसात अहिराणी बोलतात. मिक्सर आणि पॅकिंगला उत्तर प्रदेश-बिहारची मुलं आहेत. अडचणी तीन. साइज बदलताना सांगितलेलं एक आणि चालू झालेलं दुसरं. पाळी बदलताना अर्धी माहिती मागच्या पाळीबरोबर घरी जाते. आणि एचआरकडून निरोप आलाय की माणसांना 'ऐकून घेतलं जात नाही' असं वाटतं. भाषणं नकोत. उद्यापासून करता येईल असं सांगा, सराव कसा करायचा तेही.

केबिन_दोन (चाळीसगाव)
पहिल्या अडचणीचं बोलतो. 'समजलं का?' हे विचारणं बंद करा. त्याला 'हाव' (हो) याशिवाय उत्तर मिळत नाही, कारण 'नाही' म्हणणं म्हणजे चारचौघांत कमी पडल्याची कबुली. त्याऐवजी सांगण्याची जबाबदारी स्वतःकडे ठेवून विचारा: "घाईत सांगितलं, माझ्याकडून काही राहिलं असेल. आता लाइन तीनवर तुम्ही काय काय करणार, क्रमाने सांगा बरं."

सांगतानाही क्रम ठरलेला असू द्या: कुठे, काय, किती, कधीपासून, आणि कुठे थांबून मला हाक मारायची. उदाहरणार्थ: "लाइन तीन. ११० मिमी, सहा किलो दाबाचा. दुपारी दोनपासून. पहिल्या पाइपाची जाडी चार बाजूंनी मोजून मला दाखवा. मी हो म्हणेपर्यंत बंडल बांधायचं नाही." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त वेळा राहून जातं आणि भंगार त्यामुळेच वाढतं. एका वेळी तीन-चार गोष्टींपेक्षा जास्त असतील तर तोंडी सांगूच नका, चिठ्ठीवर लिहून पॅनेलला चिकटवा.

आकडे सुटे बोला. आवाजात एकोणसाठ आणि एकोणसत्तर सारखेच ऐकू येतात, हिंदीतही तीच गत. बॅरलचं (माल वितळतो त्या नळीचं) तापमान 'एकशे पंच्याऐंशी' न म्हणता 'एक-आठ-पाच' म्हणा. आणि हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर तिथे आवाज साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असं समजा. अशा जागी सूचना देऊच नका, केबिनमध्ये किंवा दाराबाहेर न्या.

आता यात बिघडतं कुठे ते सांगतो. समोरच्याने तुमचंच वाक्य पोपटासारखं म्हटलं तर त्याने ऐकलं एवढंच कळतं, समजलं की नाही ते कळत नाही. म्हणून एक 'तर' जोडा: "एका बाजूने जाडी कमी आली तर?" उत्तर आलं तरच डोक्यात शिरलं. दुसरं, ही तोंडी परीक्षा वाटू देऊ नका. जुन्या जाणत्या अण्णांना नव्या पोरांसमोर परत म्हणायला लावलं तर ते मनातून दुखावतील. त्यांना म्हणा, "अण्णा, या पोराला तुम्हीच समजावा," आणि बाजूला उभं राहून ऐका. परत म्हणून घेण्याचं काम त्यातच होतं.

भुसावळ_यार्ड
रेल्वेत हे फार जुनं आहे. इंटरलॉक नसलेल्या, म्हणजे सिग्नलशी न जोडलेल्या फाटकावर स्टेशन मास्तर फोनवरून गाडीची खबर देतो. गेटमन फाटक बंद करतो आणि आपल्या छापील तक्त्यावरचा पुढचा प्रायव्हेट नंबर सांगतो. आकडे उलटसुलट छापलेले असल्याने अंदाजाने सांगता येत नाहीत. वापरलेला आकडा खोडला जातो, स्टेशन मास्तर तो नोंदवून ठेवतो. नुसत्या 'हो, केलं'वर गाडी सोडत नाहीत. इंजिनातही तसंच, लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नल बघून मोठ्याने म्हणतात आणि एकमेकांकडून खात्री करून घेतात, दोघांना समोर दिसत असला तरी.

तुमच्याकडे नंबराची गरज नाही, पण साइज बदलताना ऑपरेटरने डायवर (पाइपाच्या साच्यावर) कोरलेला आकडा वाचून दाखवावा. आठवणीतून नको, समोर बघून.

दीपनगर_रात्रपाळी
पाळी बदलण्याविषयी. ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रातल्या पायपर अल्फा या तेल-वायू फलाटावर स्फोट होऊन १६७ माणसं गेली. एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढलेला होता आणि तिथे नुसती झाकणपट्टी बसवली होती. रात्रपाळीला ते कळलं नव्हतं. दुसरा पंप बंद पडल्यावर त्यांनी हाच सुरू केला. कागद भरलेला होता, पण तो बोलला गेला नाही. म्हणून रजिस्टर भरलं म्हणजे माहिती पोचली असं धरू नका.

दोन्ही पाळ्या किमान १० मिनिटं एकत्र हव्यात. येणाऱ्याने आधी रजिस्टर वाचायचं, मग दोघांनी मिळून लाइनवरून चालत जायचं. क्रम असा: आधी धोका (कुठलं गार्ड काढलंय, कुठला ब्रेकर टॅग लावून बंद आहे), मग अर्धवट कामं, मग नेहमीपेक्षा वेगळं काय चाललंय, आणि शेवटी माल व माणसं. बहुतेक ठिकाणी हे उलटं चालतं. उत्पादनाच्या आकड्यावर पाच मिनिटं जातात आणि काढलेलं गार्ड राहून जातं. 'सगळं नॉर्मल' हे शब्द रजिस्टरमधून हद्दपार करा, त्याजागी आकडा लिहायचा. शेवटचं बोलणं येणाऱ्याचं: "म्हणजे लाइन एकचा हीटर तीन बंद, इलेक्ट्रिशियन नऊला येणार, तोवर वेग कमी ठेवायचा." जाणाऱ्याने त्यावर हो म्हटल्यावरच सही.

तापीकाठ (धुळे)
तिसरी अडचण खरी मोठी आहे. ती सुटली नाही तर वरच्या दोन्ही युक्त्या नुसती कवायत होतील. 'ॲक्टिव्ह लिसनिंग' हे नाव कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन यांनी १९५७ मध्ये रूढ केलं. त्यांचं ते लेखन शिकागो विद्यापीठाच्या औद्योगिक संबंध केंद्राने काढलं होतं, म्हणजे विषय पहिल्यापासून कारखान्याचाच आहे. गाभा एवढाच: उत्तर द्यायच्या आधी समोरच्याचं म्हणणं त्याला पटेल इतकं नीट परत मांडता आलं पाहिजे.

उदाहरण घ्या. ऑपरेटर म्हणतो, "मिक्सिंग बरोबर येत नाही, रोज सांगतो, कोणी ऐकत नाही." इथे दोन उत्तरं जिभेवर तयार असतात. "तुम्हीच तापमान नीट ठेवत नाही" हे एक, "बरं, बोलतो मिक्सरवाल्याशी" हे दुसरं. पहिल्याने माणूस गप्प होतो. दुसरं गोड वाटतं पण त्यानेही बोलणं तिथेच तुटतं. त्याऐवजी:

"पाइपात काय दिसतंय?"
"जाडी हलते. सगळा वेळ नाही, नवी बॅच लागली की."
"नवी बॅच लागली की जाडी हलते, नंतर ठीक होतं. असंच ना?"
"हाव. अर्धा तास. आणि गोणी हाताला गरम लागते."

गोणी गरम, ही खरी खबर. हॉट मिक्सरमधून साधारण ११५-१२० अंशांना आलेला माल कूलर मिक्सरमध्ये ४०-४५ पर्यंत उतरल्याशिवाय काढायचा नसतो. गरमच काढला की हॉपरमध्ये (लाइनला माल पुरवणाऱ्या नरसाळ्यात) गठ्ठा धरतो, स्क्रूला सारखा माल मिळत नाही आणि जाडी हलते. ही माहिती पहिल्या वाक्यात नव्हती, चौथ्यात आली. माणूस तक्रारीपासून सुरू करतो आणि पुरावा शेवटी काढतो, बहुतेकांचं असंच असतं. म्हणून त्याचं वाक्य संपल्यावर मनात तीन आकडे मोजून मगच तोंड उघडा.

'का केलं?' असं विचारू नका, त्यात दटावणी ऐकू येते. 'काय झालं, कधीपासून, आधी काय बदललं होतं' असं विचारा. अहिराणीत सांगत असतील तर अहिराणीतच सांगू द्या. मध्येच प्रमाण मराठीत वळायला लावलं की माणूस शब्द शोधत बसतो आणि बारकावे गळतात. एखादा शब्द अडला तर सरळ अर्थ विचारा.

आणि ऐकल्यावर परत कळवायला विसरू नका. "चारपर्यंत मिक्सर बघून सांगतो" म्हटलं तर चारला सांगायचंच, काम झालं नसलं तरी 'झालं नाही' म्हणून. कळवलं नाही तर पुढची खबर तुमच्यापर्यंत येणारच नाही.

शिफ्ट_बी
खूप उपयोगी. एका प्रशिक्षणात सांगितलं होतं की संवादात ९३ टक्के भाग देहबोली आणि आवाजाचा, शब्दांचा फक्त ७ टक्के. मग शब्दांवर एवढा भर का? आणि सराव कोणाबरोबर करू?

तापीकाठ (धुळे)
तो आकडा चुकीच्या जागी वापरला जातो. अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांमधून तो आला. तिथे प्रश्न भावनेचा होता: सुटा शब्द, आवाज आणि चेहरा यांचा मेळ बसत नसेल तर बोलणाऱ्याला आपण आवडतो की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो? 'सहा किलोचा पाइप काढा' यातला 'सहा' देहबोलीने कळत नाही. पण तुमचं डोळे मोबाइलवर ठेवून 'हं, बोला' म्हणणं समोरच्याला बरोबर कळतं, तेवढ्यापुरता तो प्रयोग खरा.

सराव दुसऱ्या पाळीच्या इन्चार्जबरोबर करा. हाताखालच्या माणसाबरोबर नको, तो तुमची चूक काढणार नाही. एकाने तीन मिनिटं खरी कामाची अडचण सांगायची. दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, सल्ला एकही नाही. मग एक मिनिटात सगळं परत मांडायचं. पहिला किती वेळा 'नाही, तसं नाही' म्हणाला ते कागदावर रेघा मारून मोजा, मग अदलाबदल. आठवड्यातून दोनदा पुरे. सुरुवातीला सल्ला आवरत नाही, तेच शिकायचंय.

केबिन_दोन (चाळीसगाव)
व्हॉट्सॲप ग्रुपचं राहिलंच. ग्रुपवर दिलेल्या सूचनेला अंगठा आला तर तो पोच धरू नका, दहा अंगठ्यांत जबाबदारी कोणाचीच नसते. सूचनेत एकाच माणसाचं नाव घाला आणि उत्तरात गेजचा फोटो मागवा, लाइन नंबर दिसेल असा. हिंदीवाल्या मुलांना तीच सूचना हिंदीत वेगळी पाठवा. आणि चालू लाइन थांबवायची असेल तर मेसेज नको, फोन करा किंवा चालत जा.