मदत हवी आहे: न्यूयॉर्क राज्याचं मासेमारी लायसन्स दरवर्षी २५ डॉलर भरून घ्यावं की एकदाच ४६० भरून आजीवन?

हडसनकाठ:
वेस्टचेस्टर काउंटीत राहतो. वय ४३. एप्रिल ते ऑक्टोबर महिन्यातून दोन-तीनदा गोड्या पाण्यात गळ टाकतो, ट्राउट आणि बास हेच मासे. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ३ वर्षांची. चार-पाच वर्षांत न्यू जर्सीला घर घ्यायचा विचार आहे. साधा भागाकार केला तर ४६० भागिले २५ म्हणजे साडेअठरा वर्षांत पैसे वसूल होतात. पण हिशोब एवढाच आहे का? मुलांसाठी आत्ताच घ्यावं का? शिवाय आई-बाबा जूनमध्ये पुण्याहून येतायत, बाबांनाही काठी धरायची आहे.

गळकरी:
भागाकारात दोन गोष्टी सुटल्या आहेत.

पहिली, सत्तरीची. राज्यातल्या रहिवाशाला ७० पूर्ण झाल्यावर वार्षिक लायसन्स ५ डॉलरला आणि आजीवन ६५ ला मिळतं. म्हणजे ४६० ची तुलना उरलेल्या आयुष्याशी नाही, सत्तरीपर्यंतच्या वर्षांशी करायची. तुमची ती २७ वर्षं. २७ गुणिले २५ म्हणजे ६७५, वर सत्तरीतले ६५. वरवर पाहता ४६० खूपच स्वस्त. हाच हिशोब बावन्न वर्षांच्या माणसाचा केला तर १८ वर्षांचे ४५० आणि वर ६५, म्हणजे ५१५, त्याला फायदा थोडाच.

दुसरी, व्याजाची. ४६० आज एकरकमी जातात, २५ मात्र वर्षावर्षाने. ४ टक्के व्याज धरलं तर तुमच्या २७ हप्त्यांची आजची किंमत साधारण ४२५ आणि सत्तरीतल्या ६५ ची साडेबावीस. एकूण ४४७ च्या आसपास. म्हणजे राज्यातच राहिलात तर बरोबरीचा मामला.

‘फी वाढतच जाणार’ असं धरून घाईने घेऊ नका. २०१४ मध्ये न्यूयॉर्कने रहिवाशांची फी २९ वरून २५ केली होती, म्हणजे ती कमीही होते. त्याच वर्षापासून लायसन्स घेतल्या तारखेपासून ३६५ दिवस चालतं, आधी ते ३० सप्टेंबरला संपायचं. तेव्हा एखाद्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला घेतलंत तर त्या वर्षीचा उरलेला मोसम आणि पुढचे एप्रिल-मे-जून एकाच २५ मध्ये बसतात.

कॅट्सकिलची_वाट:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण तुमच्या प्रश्नाची किल्ली न्यू जर्सीत आहे. राज्याबाहेर गेलात की वार्षिक लायसन्स ५० डॉलर, आणि सत्तरीची सवलतही नाही, ती रहिवाशांनाच. न्यूयॉर्कचं आजीवन लायसन्स मात्र राज्य सोडल्यावरही चालू राहतं. ५० च्या दराने ४६० सव्वानऊ वर्षांत वसूल. म्हणून जर्सीत राहूनही दरवर्षी न्यूयॉर्कमधल्या कॅट्सकिलच्या डोंगरांत येणारच असाल तर नक्की घ्या, आणि जायच्या आधी घ्या. विकत घेताना राज्यात सलग ३० दिवसांपेक्षा जास्त वास्तव्य लागतं. इथे नुसती जमीन किंवा वीकेंडचं घर असल्याने कोणी रहिवासी ठरत नाही, नेमकी तिथेच लोकांची फसगत होते.

उलट, जर्सीत गेल्यावर तिथल्याच तळ्यांवर बसणार असाल तर ४६० पाण्यात. तिथे हे लायसन्स चालत नाही, तिथलं वेगळं काढावं लागतं, ट्राउटसाठी वर स्टॅम्पही (जादा परवाना) लागतो, आणि ते ३१ डिसेंबरला संपतं. अपवाद सीमेवरच्या पाण्याचा: ग्रीनवुड लेकवर दोन्हीपैकी कुठल्याही राज्याचं चालतं.

हडसनकाठ:
हे डोक्यातच आलं नव्हतं, आभार! जर्सीला गेलो तरी कॅट्सकिलमधलं रॉस्को गाव आणि बीव्हरकिल नदी सुटणार नाही, तेव्हा माझं घ्यायचं ठरलं. मुलांचं काय?

गळकरी:
१६ वर्षांखाली लायसन्स लागतच नाही. मुलाचं आत्ता घेऊन उपयोग नाही. नुसत्या मासेमारीच्या आजीवनला ६९ वर्षांपर्यंत ४६० चाच दर आहे, लहान म्हणून सूट नाही. घाई असलीच तर ती घर बदलण्याआधीची.

मुलीचं वेगळं आहे. ‘स्पोर्ट्समन’ आजीवनमध्ये मासेमारी आणि शिकार दोन्ही येतात, आणि त्याचा दर वयावर आहे: ४ वर्षांपर्यंत ३८०, ५ ते ११ ला ५३५, १२ पासून ७६५. म्हणजे तीन वर्षांच्या मुलीला दोन्ही मिळून जे मिळतं ते नुसत्या मासेमारीपेक्षा ८० डॉलरने स्वस्त! पाचवा वाढदिवस झाला की ही संधी गेली. शिकारीचा भाग हंटर एज्युकेशनचा कोर्स केल्याशिवाय वापरता येत नाही, मासेमारीला तशी अट नाही. पण तेरा वर्षं ते पैसे नुसते पडून राहणार आणि परत मिळत नाहीत, लायसन्स दुसऱ्या कोणाच्या नावावर करता येत नाही. ती पुढे इथे मासे धरेल याची मनापासून खात्री असेल तरच. वयाचा दाखला आणि तुमचा रहिवासाचा पुरावा हाताशी ठेवा.

दोर_आणि_रीळ:
आजीवन म्हणजे सगळं आलं असं समजू नका. लाँग आयलंडच्या खाऱ्या पाण्यासाठी, आणि हडसन नदीत समुद्रातून वर चढणाऱ्या स्ट्राइप्ड बाससाठी, मरीन रजिस्ट्रेशन (समुद्री माशांसाठीची नोंदणी) वेगळं. फुकट आहे, पण दरवर्षी करायचं. अशोकनसारख्या न्यूयॉर्क शहराच्या जलाशयांवर शहराचा ॲक्सेस परमिट लागतो, तोही फुकट. अशोकनवर होडी हवी असेल तर वल्ह्यांचीच. ती आधी वाफेने धुऊन घ्यायची, शहराचा टॅग लावायचा आणि ठरवून दिलेल्या जागी काठावर पालथी ठेवायची. दुसऱ्या पाण्यात नेलीत की पुन्हा वाफ. झेब्रा शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ओल्या तळाला चिकटून येतात, म्हणून हा खटाटोप.

मासा पकडून सोडून देणार असलात तरी लायसन्स लागतंच, हेही बऱ्याच जणांना माहीत नसतं. ट्राउटचा वेगळा स्टॅम्प मात्र न्यूयॉर्कमध्ये नाही.

कॅट्सकिलची_वाट:
बाबांसाठी: बाहेरच्यांना एका दिवसाचं १० डॉलर, सात दिवसांचं २८. ते जूनमध्ये येतायत ना? जूनचा शेवटचा शनिवार-रविवार राज्यभर मोफत मासेमारीचा असतो, बाहेरच्यांनाही. एरवी काठी त्यांच्या हातात देऊन ‘लायसन्स माझं आहे’ म्हटलेलं चालत नाही. जो गळ टाकतो आणि ओढतो, लायसन्स त्याच्या नावाचं हवं.

हडसनकाठ:
मोफत शनिवार-रविवार कॅलेंडरवर टाकला. माझं आजीवन याच महिन्यात, मुलाचं लायसन्स आमचं घर विकायच्या आधी. मुलीचं बायकोशी बोलून, पाचव्या वाढदिवसाला अजून सतरा महिने आहेत.