दोन टेप, दोन मापं: फर्निचरसाठी मेजर टेप कोणता घ्यावा आणि तपासावा कसा?

तापीकाठ (चोपडा)

राम राम मंडळी. काम प्लायच्या कपाटांचं आणि किचन ट्रॉलीचं. साइटवर एक ५ मीटरचा टेप फिरतो, शेडमध्ये कटिंगला दुसरा. एकावर ५६४ मिमी भरलेला कप्पा दुसऱ्यावर ५६६ भरतो. मग ड्रॉवर एक तर चॅनलमध्ये (ज्या पट्टीवर तो सरकतो तिच्यात) आवळतो, नाहीतर खुळखुळतो.

विचारायचं असं की दुकानात उभ्या उभ्या बरा टेप ओळखायचा कशावरून? आणल्यावर तपासायचा कशाशी? ३ मीटर, ५ मीटर की ७.५? आणि जुने कारागीर सूत-इंचात बोलतात, प्लाय-चॅनल सगळं मिमीत येतं, त्याचं काय करायचं? चार पैसे जास्त गेले तरी चालतील.

गुण्या९०

भाऊ, टेप चांगला शे, हूकच वाकेल शे! निदान पहिला संशय तरी हुकावर, म्हणजे टेपच्या टोकाच्या वाकवलेल्या पत्र्यावर घ्या.

टेपच्या पट्टीवर सुरुवातीलाच छोट्या लंबगोलात I, II किंवा III असा रोमन आकडा असतो. तो अचूकतेचा वर्ग. वर्ग II ला चुकीची मुभा ±(०.३ + ०.२ × मीटर) मिमी. म्हणजे १ मीटरपर्यंत ±०.५, ३ मीटरला ±०.९, ५ मीटरला ±१.३. त्यामुळे वर्ग II चे दोन टेप अगदी उलट टोकांना असले तरी ५६४ वर त्यांच्यात १ मिमीपेक्षा फार फरक पडायला नको. तुमचा पडतोय २. म्हणजे एक तर त्यातला एखादा वर्ग III चा किंवा बिनखुणेचा आहे, नाहीतर हूक गेलाय.

हूक ढिला असतो तो मुद्दाम. जितकी हुकाच्या पत्र्याची जाडी तितकंच त्याने पुढे-मागे सरकायचं, साधारण १ मिमी. फळीच्या कडेला अडकवून ओढलं की हुकाची आतली बाजू शून्यावर येते, भिंतीला टेकवून दाबलं की बाहेरची. बरेच जण “हलतोय” म्हणून रिबिटावर हातोडी मारून तो घट्ट करतात. त्यानंतर त्या टेपचं बाहेरचं किंवा आतलं, दोहोंपैकी एक माप पत्र्याच्या जाडीएवढं कायमचं चुकतं.

तपासायला ३०० मिमीची कोरीव खुणांची स्टील पट्टी घ्या, १ मीटरची मिळाली तर उत्तम. पट्टीचं शून्य अगदी टोकावर असलेलीच हवी, काहींना पुढे मोकळी जागा सोडलेली असते.

आधी हूक पट्टीच्या टोकाला अडकवून टेप ओढा आणि ३०० ची खूण जुळते का बघा. मग पट्टी आणि टेप दोन्ही एकाच सपाट लोखंडी ठोकळ्याला टेकवून दाबा, परत ३०० बघा. शेवटी हूक बाजूला ठेवून टेपचं १०० पट्टीच्या शून्यावर धरा, पट्टीच्या ३०० समोर टेपवर ४०० यायला हवं. शेवटचं बरोबर आणि पहिली दोन चुकीची, तर छपाई चांगली, हूक वाकडा. पकडीने हलकेच काटकोनात आणा आणि पुन्हा तिन्ही बघा. पहिल्या दोघांत एकच चुकत असेल तर हुकाची हालचाल पत्र्याच्या जाडीएवढी राहिलेली नाही. भुसा किंवा फेविकॉल अडकलाय का ते आधी बघा. भोकं लांबट झाली असतील तर तो टेप माळ्याच्या खड्ड्याला किंवा विटांना द्या, फर्निचरला नको.

सागाचा_भुसा

खरेदीबद्दल लिहितो. ब्रँडवरून भांडण नको. फ्रीमन्स, स्टॅनले, टापरिया, कोमेलॉन, सगळ्यांचे स्वस्त आणि बरे असे दोन्ही प्रकार येतात. वर्गाची खूण असलेलाच घ्या, बिनखुणेचा कितीही जाडजूड दिसला तरी सोडा. वर्ग I मिळाला तर ३ मीटरला ±०.४ म्हणजे चैनच, पण आपल्याकडच्या दुकानांत तो सहसा मागवावा लागतो. वर्ग II पुरतो.

बेंचवर ३ मीटर, १६ मिमी रुंद पट्टीचा. हलका, खिशात बसतो आणि पूर्ण प्लायची २४४० लांबी त्यात येते. साइटला ५ मीटर, १९ किंवा २५ मिमीचा. २५ चा एकट्याने हवेत लांबवर ताठ राहतो, पण त्याचा बाक खोल असतो आणि कडा लाकडापासून वर उचललेली राहते. खूण करताना टेप तिरपा करून कड लाकडाला टेकवलीच पाहिजे, नाहीतर डोळा जरा डावा-उजवा झाला की अर्धा-एक मिमी गेला. ७.५ मीटर खोली मोजायला ठीक, कपाटाला ओझं.

दुकानात काउंटरवर एकाच प्रकारचे तीन-चार टेप शेजारी शेजारी पसरा, हूक एका कडेला, आणि २ मीटरवर रेघा बघा. जो वेगळा पडतो तो नको. पहिल्या १०० मिमीत मिमीच्या रेघा बारीक आणि एकसारख्या हव्यात. ब्रेक लावून पट्टी जरा ओढून बघा, सरकली तर नको. चुंबकाचा हूक मात्र टाळा. शेडमध्ये ग्राइंडर चालतो, लोखंडी चुरा हुकाला चिकटतो आणि शून्यच सरकतं. कापडी आणि फायबरचे टेप ताणले जातात, ते प्लॉट मोजायला.

आता आपल्या उन्हाचं. टेपवरचं माप २० अंशाला खरं धरलेलं असतं. स्टील दर अंशाला मीटरमागे साधारण ०.०११५ मिमी वाढतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ४५ अंश धरले तर मीटरमागे ०.३ मिमीच्या आत. पण गाडीच्या डिकीत तापून ६० अंशाला गेलेला टेप २४४० वर १ मिमीहून थोडा जास्त लांबतो, आणि लांबलेला टेप माप कमी दाखवतो. ५६४ वर हा फरक पाव मिमीच, तेव्हा तुमच्या ड्रॉवरचा गुन्हेगार ऊन नाही. तरी लांब शटर (कपाटाचं दार) कापण्याआधी टेप दहा मिनिटं सावलीत राहू द्या.

तापीकाठ (चोपडा)

बिनखुणेचा निघाला, शेडमधलाच. पण हुकाची भानगडच नको म्हणून १० सेंमी सोडून मोजलं तर? आणि साइटला अंतर मोजायचा लेझर घ्यावा का?

गुण्या९०

१०० सोडून मोजणं बारीक कामाला उत्तम, पण १०० वजा करायचं राहिलं की पूर्ण पॅनल वाया. कापणारा आणि मोजणारा वेगळे असतील तर नकोच. करायचंच तर नेहमी १०० च सोडा, कधी ५० कधी १०० असं नको, आणि कागदावर वजा केलेलाच आकडा लिहा.

लेझरच्या खोक्यावर अचूकता वाचा. स्वस्तातल्यांवर ±२ मिमी लिहिलेलं असतं. भिंत ते भिंत ठीक. ड्रॉवरला नाही.

फडताळ (धुळे)

वर सगळे टेपमागे लागलेत, पण ५६४ आणि ५६६ मध्ये प्लायही असेल. ६०० चा बॉक्स, दोन बाजू १८ च्या, म्हणून आत ५६४ हा हिशोब कागदावरचा. १८ म्हणून आलेला प्लाय व्हर्नियरने (जाडी मोजायच्या कॅलिपरने) मोजा, साडेसतराही निघतो. मग आत ५६५. त्यात टेपचा एक मिमी मिळाला की तुमचे ५६६ झाले. मायका चढवायचा असेल तर त्याची जाडी वेगळी धरा.

ड्रॉवरचं माप कागदावरून काढूच नये. बॉक्स जोडून झाल्यावर तयार गाळा पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा, जे कमी ते धरा. बॉल बेअरिंगच्या टेलिस्कोपिक चॅनलला एका बाजूला १२.७, दोन्ही मिळून २५.४. गाळ्यातून २६ वजा करा, म्हणजे ५६४ च्या गाळ्याला ५३८ चा ड्रॉवर. १ मिमी जास्त मोकळा राहिला तर चॅनलमागे पातळ पट्टी घालता येते, जास्त झालेला ड्रॉवर मात्र रंधायला लागतो. मागे-पुढे १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर आधी बॉक्स गुण्यात (काटकोनात) आणा. दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले पाहिजेत. पूर्ण २४४० × १२२० च्या शीटचा कर्ण २७२८ येतो, कंपनीकडून आलेली शीट गुण्यात आहे का हे त्यावरून कळतं.

आतलं माप टेप कोपऱ्यात वाकवून घेऊ नका, वाकलेल्या भागावर २–३ मिमी सहज चुकतात. टेपचं खोकं भिंतीला टेकवा, खोक्याची लांबी त्याच्या मागे छापलेली असते ती वाचलेल्या मापात मिळवायची, किंवा सरळ दोन लाकडी पट्ट्या घ्या. दोन्ही एकमेकींवर सरकवून टोकं दोन्ही भिंतींना टेकली की क्लॅम्प लावा आणि तीच जोडी तशीच पॅनलवर ठेवून खूण करा. यात आकडाच नाही, मग चुकणार काय? आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत फडताळाला नवं कपाट बसवताना याला पर्याय नाही. त्या भिंती मातीच्या, वर एक माप, खाली दुसरं. रुंदी वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी पुढे नि मागे घ्या. सगळ्यांत कमी आलेल्यातून ५–६ मिमी सोडून बॉक्स करा, उरलेली फट पट्टी मारून झाका.

सूत-मिमीचं म्हणाल तर वर्कशॉपमध्ये मिमीच. १ सूत म्हणजे १/८ इंच, ३.१७५ मिमी. ४ सूत १२.७, ६ सूत १९.०५. कारागीर १८ च्या प्लायला “सहा सूत” म्हणतो आणि तसंच वजा करतो, दोन बाजू मिळून २.१ मिमी तिथेच गेले. फुटाला ३० सेंमी धरणं तर त्याहून वाईट, ८ फुटांत ३८ मिमी कमी.

सागाचा_भुसा

सूत बंद करा असं सरसकट मी म्हणणार नाही. साठीचा मिस्त्री सूत डोळ्याने ओळखतो, त्याला ५३८ सांगितलं तर तो मनात इंच करणार आणि चूक तिथेच होणार. सागाच्या दाराच्या चौकटीला सूत चालू द्या. सागाच्या ३०० मिमी रुंद फळीची रुंदी उन्हाळ्यातून पावसाळ्यात जाताना २ मिमीच्या आसपास बदलू शकते, तिथे अर्ध्या मिमीला धरून बसण्यात अर्थ नाही. प्लाय आणि चॅनलला मात्र मिमीच, आणि त्यासाठी इंच नसलेला टेप द्या. दोन्ही छापलेले असले की उलटा धरल्यावर चुकीची बाजू वाचली जाते.

तापीकाठ (चोपडा)

ठरलं, ३ मीटर १६ मिमीचे वर्ग II चे एकाच प्रकारचे दोन घेतो, एक साइटला, एक बेंचला. स्टील पट्टी १ मीटरची. टेपला तेल लावावं का?

गुण्या९०

नको, तेलाला भुसा चिकटतो आणि तो आत स्प्रिंगपर्यंत जातो. रोज कोरड्या फडक्याने पुसत आत सोडा. फेविकॉल लागला तर ओला असतानाच पुसा. पट्टी आत घेताना बोटाने धरून शेवटचे २०० मिमी सावकाश सोडा. हूक खोक्यावर आपटूनच भोकं लांबट होतात. नायलॉनचा थर असलेली पट्टी घेतली तर आकडे जास्त दिवस टिकतात. दोन्ही टेपवर नंबर टाका, आणि एका कपाटाचं सगळं कटिंग एकाच नंबरच्या टेपने करा. टेप खाली पडला की स्टील पट्टीशी हूक बघितल्याशिवाय पुढचं पॅनल कापू नका.